चार भाषांचं गाव आणि मुका तलवारबहाद्दर

मारामारीच्या सिनेमाला आमच्या धंद्यात ‘स्टंट’ म्हणायचे, आणि शिकलेली मंडळी त्याचं नाव काढलं की नाक मुरडायची. देवादिकांचा चित्रपट लागला की वकील-डॉक्टरांच्या घरची माणसं बाल्कनीत येऊन बसत. स्टंट लागला की बाल्कनी ओस, आणि खाली पडद्यासमोर पाय ठेवायला जागा नाही. मी सोलापुरात ऑपरेटर होतो. नोकरीची सगळी वर्षं केबिनमध्ये गेली, आणि दारासिंगचे चित्रपट लागत तेव्हाची गर्दी मी केबिनच्या झरोक्यातून बघितलेली आहे. गिरणीची पाळी सुटली की डोक्यावरचा कापूसही न झाडता माणसं बारीला येऊन उभी राहायची. मी याचं कौतुक केलं की आमचे वस्ताद म्हणायचे, “हे काही तुझ्या दारासिंगनं सुरू केलं नाही. सिनेमा मुका होता तेव्हापासून हे गाव तलवार बघायला पैसे मोजतंय.”

वस्तादांनी मुक्या सिनेमाची अखेरची वर्षं बघितली होती. बघितली म्हणजे प्रेक्षक म्हणून नव्हे. पोरसवदा असताना फिरत्या तंबूत मशीनचं हॅन्डल फिरवायला ते होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो. होम मैदानावर पाळणे लागत, खेळण्यांची दुकानं लागत आणि तंबूत सिनेमा लागे. ऑइल इंजिनवर डायनामो चालायचा, मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या. पडदा तंबूच्या मधोमध टांगून त्यावर पाणी शिंपडत. ओल्या कापडातून चित्र पलीकडेही दिसायचं, त्यामुळे प्रेक्षक दोन्ही बाजूंना बसवता यायचे. पलीकडच्यांना तिकीट स्वस्त, कारण त्यांना सगळं उलटं दिसे. पाट्या उलट्या दिसायच्या आणि उजवा हात डावा व्हायचा. “पण तलवार उलटी दिसली तरी तलवारच,” वस्ताद म्हणायचे.

त्यांच्या या एका वाक्यात मला सोलापूरच्या सिनेमाचा अर्धा इतिहास दिसतो.

मुक्या सिनेमात बोलणं पाट्यांवर लिहून यायचं. एकाच पाटीवर दोन-दोन, तीन-तीन लिप्या. कुणाला त्या वाचता येणार? साक्षर माणसं मोजकी, म्हणून पडद्याशेजारी एक जण उभा राहून त्या मोठ्यानं वाचायचा आणि वर पदरचं मीठमसालाही घालायचा. खाली पेटी-तबला. आता सोलापूरचं गणित बघा. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली, तिला आम्ही आजही जुनी मिल म्हणतो. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या निघाल्या. हातमागावर तेलंगणातून आलेले पद्मशाली, त्यांची भाषा तेलुगू. बाळीवेशीच्या आसपास लिंगायत, घरात कन्नड. बेगम पेठेत दखनी. शिवाय मराठी, आणि पेढ्यांवर मारवाडी-गुजराती. पाटी वाचणारा मराठीत वाचू लागला की साखर पेठेतली तेलुगू मंडळी चुळबुळ करणार, तो हिंदीत शिरला की खेड्यातून यात्रेला आलेले कंटाळणार. देवांनी सती अनसूयेची परीक्षा का घेतली, राजानं वचन का दिलं, हे सगळं सांगावं लागतं. दरवाजा तोडून आत शिरलेला माणूस मित्र आहे की वैरी, हे मात्र कुणी सांगावं लागत नाही. गिरणीतल्या एका खात्यात शेजारी शेजारी उभे राहणारे चौघे जण ज्या खेळाला एकाच क्षणी शिट्टी मारतील, असा खेळ त्या काळी स्टंटचाच होता. हे मला पुस्तकांतून फारसं वाचायला मिळालं नाही. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुतेक एका भाषेच्या गावात वाढलेले असावेत.

हे वेड आलं अमेरिकेतून, यात लपवण्यासारखं काही नाही. १९२० साली डग्लस फेअरबँक्सचा ‘द मार्क ऑफ झोरो’ निघाला. जॉन्स्टन मॅक्युलीनं आदल्याच वर्षी साप्ताहिकातून लिहिलेल्या कथेवर तो बेतलेला. दिवसा नाजूक, कंटाळलेला, कामाचा नाही असा श्रीमंताचा मुलगा आणि रात्री तोंडावर मुखवटा चढवून जुलमी अंमलदारांना झोडपणारा वीर. फेअरबँक्सचं वैशिष्ट्य असं की मारामारीतही त्याला हसू फुटायचं. भिंतीवर चढणं, छपरावरून उडी, टेबलावरून कोलांटी, आणि वैऱ्याची फजिती करून खिडकीतून पसार. त्याचाच १९२४ सालचा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हिंदुस्थानात सगळ्यात जास्त चाललेला परदेशी चित्रपट असल्याची नोंद सरकारनं १९२७ साली नेमलेल्या रंगाचारी समितीच्या अहवालात आहे. साहेबांना काळजी होती की अमेरिकेचे चित्रपट विलायतेच्या चित्रपटांना इथून हुसकून लावताहेत. पब्लिकला तसली काही काळजी नव्हती.

पण नक्कल म्हणून तो विषय तिथेच सोडणं मला पटत नाही. फेअरबँक्स दोरावर झोके घेतो ते बघून आपली माणसं थक्क झाली, ती काही पहिल्यांदाच दोर बघत होती म्हणून नव्हे. डोंबाऱ्याचा खेळ गल्लीगल्लीत होता. मलखांब, दांडपट्टा, लाठी तालमीत शिकवत. सोलापुरात तालीम नसलेली पेठ दाखवा. त्यामुळे इथला प्रेक्षक पडद्यावरच्या उडीला नुसती टाळी देत नव्हता, तिची पारख करत होता. पवित्रा चुकला, मनगट ढिलं पडलं, तर खालून शेरा यायचाच. आणि हे काम करायला जी माणसं कोल्हापूर-पुण्याच्या कंपन्यांत शिरली तीही याच मातीतली. डमीकडून उडी मारून घेण्याची चैन कुठली. ज्याचं नाव त्याचीच हाडं.

त्यांच्यातला राजा मास्टर विठ्ठल. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत लहान वयात आला, नाचाची कामं केली, पुढे मुंबईच्या शारदा कंपनीत तलवार हाती घेतली आणि १९२६ च्या ‘रतन मंजिरी’पासून नायक झाला. त्याला हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणत. वस्तादांना चित्रपटांची नावं आठवत नसत, पण “विठ्ठलचा खेळ” म्हटलं की ते खुर्चीवरून उठून पवित्रा करून दाखवत. हाच विठ्ठल १९३१ च्या ‘आलम आरा’चा, म्हणजे आपल्या पहिल्या बोलपटाचा नायक. शारदाचा करार मोडून तो सागर कंपनीत गेला म्हणून खटला झाला आणि कोर्टात त्याची बाजू बॅरिस्टर जीनांनी मांडली. खटला जिंकला, पण उर्दू जिंकता येईना. तेव्हा त्याचं पात्र बराच वेळ गुंगीत पडलेलं दाखवून वेळ मारून नेली. दहा माणसांना एकटा लोळवणारा गडी, आणि त्याला आडवा केला उच्चारांनी.

आता १९३० सालाकडे येतो. सोलापूरकराला त्या सालावरून उडी मारून पुढे जाता येत नाही.

त्या वर्षी ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा चढला. ५ मे रोजी गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. ८ मे रोजी गोळीबारात माणसं मेली. त्यानंतर पोलिसांनी गावातून पाय काढला, आणि काही दिवस सोलापुरात साहेबाचं राज्य नव्हतं. वाहतुकीपासून सगळा बंदोबस्त लोकांनी बघितला. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत. गांधी टोपी घालणं, झेंडा बाळगणं हा गुन्हा झाला. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून चौघांना फाशीची शिक्षा झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. ही नावं नुसती वाचली तरी मघाशी सांगितलेल्या गावाच्या भाषा समोर येतात. १२ जानेवारी १९३१ रोजी त्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. म्हणजे ऐन गड्ड्याच्या तोंडावर. वस्ताद त्या साली मैदानावर होते की नव्हते, मी विचारलं नाही. ते त्या विषयावर आपणहून कधी बोलले नाहीत.

त्याच १९३१ साली, त्याच पुण्यात, अगरवाल फिल्म कंपनीनं ‘दिलेर जिगर’ नावाचा मुका चित्रपट काढला. दिग्दर्शक जी. पी. पवार. नायक हमीर, नायिका ललिता पवार. त्याच सुमाराला मुंबईत जेबीएच वाडियांनी ‘दिलेर डाकू’ काढला होता, तो तर थेट झोरोवरूनच. दिलेर हा शब्द तेव्हा बारीवर चालत असावा.

‘दिलेर जिगर’ची गोष्ट चार ओळींची. भला राजा, त्याच्या सिंहासनावर डोळा ठेवून असलेला दुष्ट काळसेन. राजाचा घात होतो, तान्ह्या राजपुत्राला इमानी नोकर वाचवतो, पण ते पोर हरवतं आणि रानच्या माणसांत वाढतं. मोठा होऊन तो होतो कसरतपटू! रस्त्यावर खेळ करून पोट भरणारा, जोडीला सारंगा नावाची मुलगी. म्हणजे फेअरबँक्सच्या उड्या आपल्या दिग्दर्शकानं डोंबाऱ्याच्या दोरावर आणून ठेवल्या. नायकाला एवढ्या कोलांट्या कशा येतात, हा प्रश्नच मिटला. झोरोच्या कथाकारालाही हे सुचलं नव्हतं; त्याचा नायक जमीनदाराचा मुलगा. पुढे काळसेनाची नजर सारंगावर पडते, आणि मग पकडापकडी, कैद, सुटका, तलवारी.

मी हा चित्रपट पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पडद्यावर बघितला, निवृत्तीनंतर. वस्ताद तेव्हा हयात नव्हते. मला वाटलं होतं, जुना माल, कौतुकानं बघून यायचा. पण सारंगा पुरुषाच्या वेषात, तोंडावर मुखवटा बांधून हाती तलवार घेते आणि आपल्या माणसासाठी एकटी काळसेनाच्या माणसांना भिडते, तेव्हा मी सरसावून बसलो. ही ललिता पवार. मंथरा म्हणून जिला दूरदर्शनवर शिव्या घातल्या, छळणारी सासू म्हणून जिला तीन पिढ्यांनी ओळखलं, ती. येवल्याची अंबू, रेशमी-सुती कापडाच्या व्यापाऱ्याची मुलगी, १९१६ चा जन्म. म्हणजे इथे ती पंधरा वर्षांची. स्टंटनटी नाडियाची ‘हंटरवाली’ यायला अजून चार वर्षं होती. मुखवटेवाली म्हटलं की सगळे नाडियाचं नाव घेतात, घ्यावंही, पण तिच्याआधी एक मराठी पोर हे करून मोकळी झाली होती हे निदान आपण तरी सांगायला हवं. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या एका थपडेनं तिचा डावा डोळा कायमचा अधू झाला आणि तिथून खाष्ट बाईच्या भूमिका नशिबी आल्या. आमच्या सोलापुरात जन्मलेल्या शशिकलाबाईंचंही पुढे तसंच झालं, खलनायिकेचा शिक्का बसला तो बसला. पण ललिताबाईंची तलवार ज्यानं बघितली आहे त्याला ती सासू वेगळी दिसू लागते.

आता राजकारणाचं. ‘दिलेर जिगर’ सोलापूरच्या हुतात्म्यांवर आहे, असं म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण त्या काळी सिनेमाला राज्याविरुद्ध बोलायचं तर कसं बोलावं लागे, ते बघा. १९१८ च्या कायद्यानं सेन्सॉर आलं होतं. १९२१ च्या ‘भक्त विदुर’मधला विदुर गांधीजींसारखा दिसतो म्हणून त्यावर मद्रास-कराचीकडे बंदी आली. १९३० साली प्रभातनं शिवाजी महाराजांवर चित्रपट काढला, शांताराम स्वतः महाराज झाले. नावातला ‘स्वराज्य’ हा शब्द सेन्सॉरला खुपला आणि ‘स्वराज्याचे तोरण’चं ‘उदयकाल’ करावं लागलं. विदुर चालत नाही, शिवाजी चालत नाही, मग उरतं काय? नकाशावर कुठेच नसलेलं राज्य. बळकावलेलं सिंहासन, गांजलेली प्रजा, वेषांतर केलेला खरा वारस. नायकाच्या तोंडावर मुखवटा होता तसा राज्याच्याही तोंडावर होता. सेन्सॉरच्या साहेबाला त्यात पोरखेळ दिसला आणि त्यानं शिक्का मारून दिला. मार्शल लॉ अंगावरून गेलेल्या गावातल्या माणसाला काळसेनाचा शिपाई कुणासारखा दिसत असेल, हे त्याला कुणी समजावून द्यावं लागलं नसेल. स्टंटला पोरकट म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे.

ऑपरेटर म्हणून एक गोष्ट सांगतो, ती चित्रपट-पंडित सहसा सांगत नाहीत. मुक्या चित्रपटाची माणसं टुणटुण उड्या मारत पळताना दिसतात, ती मुळात तशी नव्हती. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रं मावतात. मुकी फिल्म सेकंदाला सोळा-अठरा चित्रांनी चाले, त्यामुळे हजार फुटांचं रीळ पंधरा मिनिटांच्या आसपास पुरायचं. बोलपट आल्यावर वेग चोवीस चित्रांवर पक्का झाला आणि तेच रीळ अकरा मिनिटांत संपू लागलं. बोलपटाच्या मशीनवर मुकी फिल्म चढवली की राजा, प्रधान, सगळे पळत सुटतात आणि लोक हसतात. दोष मशीनचा. मात्र मारामारीतली घाई खरीच केलेली असायची. कॅमेरामन हॅन्डल हळू फिरवायचा, सेकंदाला बारा चित्रं घ्यायचा, ती पडद्यावर अठराच्या वेगानं गेली की तलवार दीडपट झपाट्यानं फिरे. आणि तंबूतला ऑपरेटर त्यावर आपला हात चालवी. वस्ताद सांगत, प्रेमाच्या प्रसंगाला हात सैल सोडायचा, लढाईला दाबून फिरवायचा, आणि पेटीवाला खालून ओरडला की ओळखायचं, आपण ठेका सोडला. म्हणजे एकच चित्रपट, पण गावोगावी लढाई वेगळी. मशीनला मोटार आली आणि ऑपरेटरच्या मनगटातला तो खेळ गेला.

बोलपट आला म्हणून मुका सिनेमा एका रात्रीत मेला नाही. १९३१ साली देशात बोलपट निघाले अठ्ठावीस, मुके त्यांच्या कितीतरी पट, दोनशेच्या आसपास. साउंडचं मशीन महाग. खेड्यापाड्यातले तंबू आणखी काही वर्षं मुक्यावरच चालले. पण १९३४ नंतर नवा मुका चित्रपट निघाल्याचं ऐकिवात नाही. बोलपटानं चार भाषांचं पब्लिक वाटून टाकलं. तेलुगू चित्रपटाला साखर पेठ, मराठीला दुसरी वस्ती. स्टंट हिंदीत गेला, त्यातल्या त्यात कमी बोलून जगला.

आणि फिल्मचं काय झालं? तेराशेच्या वर मुके चित्रपट या देशात निघाले. आज पूर्ण किंवा अर्धेमुर्धे मिळून तीसही हाती नाहीत. विठ्ठलच्या ज्या खेळांवर वस्ताद जीव टाकत, त्यांतलं जवळपास काहीच उरलेलं नाही. ‘आलम आरा’सुद्धा गेला. नायट्रेटची फिल्म बारुदासारखी पेट घेते, पाण्यातही विझत नाही. जी जळाली नाही ती विकली गेली, कारण फिल्मवरच्या थरात चांदी असते. जुनी रीळं रद्दीच्या भावानं घेऊन, धुऊन, चांदी काढणारे लोक होते. धार्मिक चित्रपटाची प्रत कुणीतरी देवाचं म्हणून कपाटात ठेवली, फाळक्यांचं थोडं तरी वाचलं. स्टंट कोण ठेवणार? अशा परिस्थितीत ‘दिलेर जिगर’ आणि त्याच कंपनीचा ‘गुलामी नू पतन’ हे दोन वाचले. संग्रहालय १९६४ साली निघालं. तिथल्या पी. के. नायर यांनी पुढे गावोगाव हिंडून डबे गोळा केले नसते, तर मुखवट्याच्या चित्रपटांवर लिहायला माझ्यासारख्याकडे वस्तादांच्या पवित्र्याशिवाय काही नसतं. एवढं करूनही २००३ च्या जानेवारीत पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारातल्या गोदामाला आग लागून हजारो नायट्रेट रीळं गेलीच.

म्हणून सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटकडच्या वाचकांना एक विनंती. तुमच्या आजोबा-पणजोबांचा तंबू असेल, थिएटरात भागी असेल, किंवा ते छापखान्यात असतील, तर माळा एकदा नीट बघा. खेळाची छापील पत्रकं, गाण्यांच्या चोपड्या, दुकानाच्या वहीतल्या जमाखर्चाच्या नोंदी, सगळं कामाचं आहे. पत्र्याचा गोल डबा सापडला तर तो घरात उघडू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका, आणि आतली फिल्म चिकट, तपकिरी झालेली दिसली तरी भंगारवाल्याला देऊ नका. पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावर संग्रहालय आहे, त्यांना आधी कळवा.